ले आंफां की लेझांफां?

प्रश्न असा आलाय की फ्रेंचमधे 'मुलं' म्हणायला ले आंफां म्हणायचं की लेझांफां, आणि फोड नेमकी कुठे करायची. लेझांफां बरोबर, फोड ले-झां-फां (झाडातला झ).

फ्रेंच कानाला स्वरावर संपणारा तुकडा आवडतो. दोन स्वरांमधे एकच व्यंजन असलं की ते पुढच्या स्वराकडे जातं, म्हणून अ‍ॅनिमलचं आ-नी-माल होतं. दोन असली तर एक मागे एक पुढे, मेर-सी. पण ब्ल, क्ल, प्र, त्र अशी जोडी फोडत नाहीत, त्यामुळे ता-ब्लो, आणि आपण गोळ्यांना एक्लेअर्स म्हणतो ते मुळात ए-क्लेर, दोनच तुकडे.

खरी गंमत दोन शब्दांच्या सांध्यावर आहे. 'ले'च्या स्पेलिंगमधे शेवटी एस आहे पण तो मुका, पुढे स्वर आला की जागा होतो आणि झ होऊन पुढच्या शब्दात जाऊन बसतो. मी सुरवातीला सगळे शब्द सुटे सुटे वाचायचो आणि मग समोरचा बोलायला लागला की काही म्हणजे काही कळायचं नाही, ते ह्याच्यामुळेच. खरंतर आपल्याला हे नवीन नाही, जगत् + ईश = जगदीश शाळेतच केलंय की! फक्त तिथे त चा द होतो आणि फ्रेंचमधे उलटं, ग्रां (थोर) मधला मुका डी जागा होतो तो त होऊन, ग्रां + ऑम (माणूस) = ग्रां-तॉम.

शब्दाच्या सुरवातीच्या एचपासून मात्र सावध. तो बोलत कधीच नाहीत, पण ऑमच्या आधी एस जोडतात (ले-झॉम) आणि एरो म्हणजे हीरोच्या आधी जोडत नाहीत, ले-ए-रो असंच म्हणायचं. चुकून जोडलात तर ले-झे-रो, म्हणजे सगळे हीरो शून्य! असे शब्द पाठच करावे लागतात, शब्दकोशात त्यांना खूण असते.

आणि पुस्तकात मादामची फोड तीन तुकड्यांत दिसली तर गोंधळू नका, ती लिहिण्याची फोड, शेवटचा ई बोलताना गायब, उरतात दोन. आपण नाही का 'मदन' बोलताना म-दन् म्हणतो पण वृत्तात तीन अक्षरं मोजतो, तसंच. त्यांच्या 12 मात्रांच्या, नाही चुकलो, 12 अक्षरांच्या जुन्या कवितेच्या ओळीतही हा मुका ई पुढे व्यंजन आलं तर मोजतात, ओळीच्या शेवटी आला तर नाही.