सामाजिक शास्त्रांतील स्मरणयुक्त्या: कुठे वापराव्यात, कुठे टाळाव्यात

प्राथमिक वर्गांना इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि काही पालक यांनी स्मरणयुक्त्यांविषयी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे: युक्ती पाठ होते, पण ती ज्यासाठी केली ते हाताशी येत नाही.

प्रश्न: सात खंडांची नावे मुलांच्या लक्षात राहावीत म्हणून आद्याक्षरांचा एखादा शब्द करायचा आहे, पण काही केल्या तो जुळत नाही. आपण सुचवाल का?

तो जुळणार नाही, आणि त्यात आपला दोष नाही. इंद्रधनुष्याच्या रंगांसाठीचे ‘तानापिहिनिपाजा’ पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्यातील सातही अक्षरे एकमेकांपासून वेगळी आहेत आणि ती सलग उच्चारता येतात. खंडांच्या बाबतीत मात्र आशिया, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया अशी सातांपैकी चार नावे ‘अ’च्याच कुळातील स्वरांनी सुरू होतात. त्यामुळे शब्द तयार केला तरी कोणता ‘आ’ कोणाचा, हे लक्षात ठेवण्यासाठी आणखी एक युक्ती लागेल.

खंडांसाठी अक्षरांपेक्षा जागेचा आधार घ्यावा. जगाच्या नकाशावर सहा खंड एकावर एक अशा तीन जोड्यांत बसतात: उत्तर अमेरिकेखाली दक्षिण अमेरिका, युरोपखाली आफ्रिका आणि आशियाखाली, थोडे पूर्वेकडे सरकून, ऑस्ट्रेलिया. सातवे अंटार्क्टिका तळाशी एकटे राहते. मुलांना नकाशाकडे तोंड करून उभे करावे आणि नाव घेताना अंगाला हात लावायला सांगावे: डावा खांदा उत्तर अमेरिका, कमरेची डावी बाजू दक्षिण अमेरिका, हनुवटी युरोप, पोट आफ्रिका, उजवा खांदा आशिया, कमरेची उजवी बाजू ऑस्ट्रेलिया, आणि पावले अंटार्क्टिका. दाखवताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करून उभे राहावे, नाहीतर समोरून पाहणारी मुले डावे-उजवे उलट उचलतात आणि अमेरिका पूर्वेला जाते. या युक्तीतून खंडाच्या नावाबरोबर त्याचे नकाशावरील स्थानही शिकून होते, म्हणून मला ती आद्याक्षरांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. क्षेत्रफळाचा क्रम मात्र यातून कळत नाही. तो शिकवायचा असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या कृतीने शिकवावा.

महासागरांच्या बाबतीत आद्याक्षरे उपयोगी पडतात. ‘प्रचंड अस्वल हिवाळ्यात दडून आळसावते’ या वाक्यात प्रशांत, अटलांटिक, हिंदी, दक्षिण आणि आर्क्टिक हे पाचही महासागर आकाराच्या उतरत्या क्रमाने येतात. ‘प्रचंड’ हा शब्द मुद्दाम पहिला ठेवला आहे, कारण प्रशांत महासागराचे क्षेत्र पृथ्वीवरील सगळ्या जमिनीच्या एकत्रित क्षेत्रापेक्षाही मोठे आहे. युक्तीतील शब्दालाच वस्तुस्थितीचा असा आधार मिळाला, तर ती अधिक पक्की बसते.

प्रश्न: उपदिशांसाठी ‘आनैवाई’ हा शब्द मुलांना पाठ आहे, तरीही नकाशावर त्या दाखवताना मुले हमखास चुकतात. असे का होते?

कारण त्या शब्दात क्रम आहे, पण सुरुवात कुठून करायची आणि कोणत्या बाजूला जायचे हे नाही. आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य हा क्रम बरोबर असला, तरी मुलाने ‘आ’ चुकीच्या कोपऱ्यात ठेवला की पुढचे तिन्ही कोपरे आपोआप चुकतात. शिक्षकांनी क्रमाची कोणतीही युक्ती स्वीकारण्यापूर्वी हे तपासावेच.

यावर उपाय सोपा आहे. मुलांनी उगवत्या सूर्याकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून उभे राहावे आणि उजवीकडे वळायला सुरुवात करावी. पहिला कोपरा आग्नेय, मग दक्षिण, मग नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर आणि ईशान्य असे करत ती पुन्हा पूर्वेला येतात. हे अंगणात चार-पाच वेळा केल्यानंतर मगच कागदावर यावे. कागदावर येताना उत्तर वर असते हे स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण अंगणातील पूर्व समोर होती आणि कागदावरील पूर्व उजव्या हाताला आहे. हा बदल मोठ्यांना जाणवतही नाही, मुलांना मात्र तो मोठा गोंधळाचा वाटतो. म्हणून कागद जमिनीवर ठेवून, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे वळवून, पहिला सराव तिथेच घ्यावा.

प्रश्न: अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते यांची अदलाबदल कशी थांबवावी?

‘अक्षवृत्त आडवे’ एवढेच पाठ करून घ्यावे. ‘अक्षवृत्त’ आणि ‘आडवे’ हे दोन्ही शब्द एकाच स्वराच्या कुळातले आहेत, आणि अक्षवृत्त पक्के झाले की रेखावृत्त उरतेच. दोन्हींसाठी दोन युक्त्या दिल्या तर त्यांचीच अदलाबदल होते. मात्र हे पृथ्वीगोल हातात घेऊन करावे. अक्षवृत्ते ध्रुवांकडे जाताना लहान होत जाणारी पूर्ण वर्तुळे आहेत आणि रेखावृत्ते दोन्ही ध्रुवांना जोडणारी, सारख्या लांबीची अर्धवर्तुळे आहेत, हे बोट फिरवून पाहिलेल्या मुलाला पुढे युक्तीची फारशी गरज राहत नाही.

प्रश्न: इतिहासातील सनावळ्या पाठ करण्यासाठी कोणती पद्धत चांगली? यमके करावीत की अंकांना अक्षरे द्यावीत?

अंकांच्या जागी अक्षरे योजून संख्या शब्दांत बांधण्याची कटपयादीसारखी पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती बुद्धिमान आहे. पण तिच्यासाठी आधी अक्षर-अंकांची सगळी सारणी पाठ करावी लागते, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलावर हा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. यमक एखाद्या सालासाठी चालेल. वीस सालांची वीस यमके झाली की ती एकमेकांत मिसळतात.

मी सुचवीन ते असे, की पाठ करायच्या सालांची संख्या आधी कमी करावी. उदाहरणार्थ, 1492 हे एकच साल खुंटी म्हणून पक्के करावे. त्या वर्षी कोलंबस पश्चिमेकडून आशियाला पोहोचण्याच्या इच्छेने निघाला आणि अमेरिकेच्या बेटांवर उतरला. त्यानंतर सहा वर्षांनी, 1498 मध्ये, वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून भारताच्या किनाऱ्यावर पोहोचला. 1519 मध्ये मॅगेलनच्या नेतृत्वाखाली निघालेली मोहीम पश्चिमेकडूनच आशियात पोहोचली. 1521 मध्ये मॅगेलन फिलिपीन्समध्ये मारला गेला, पण त्या मोहिमेतील एक जहाज 1522 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. तिघांचा हेतू एकच होता, आशियाचा सागरी मार्ग, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा होता. हे कारण एकदा समजले, की घटनांचा क्रम पाठ करावा लागत नाही, तो कथेतूनच येतो; पाठांतराला उरते ते खुंटीचे साल आणि दोन-तीन अंतरे. स्मरणयुक्ती ज्याला कारण नाही अशा गोष्टीसाठी ठेवावी. ज्याला कारण आहे तिथे कारणच शिकवावे, हा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट काळाच्या लांबीची. मुलाला ‘पाच हजार वर्षांपूर्वी’ आणि ‘पाचशे वर्षांपूर्वी’ हे दोन्ही सारखेच ‘फार पूर्वी’ वाटते. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर असे मानून दोरी मोजायला द्यावी. नऊ वर्षांच्या मुलाचे सगळे आयुष्य नऊ सेंटिमीटरमध्ये मावते, वास्को द गामा सव्वापाच मीटरच्या आसपास येतो, लेखनकलेची सुरुवात पन्नास मीटरच्याही पलीकडे जाते आणि शेतीची सुरुवात शंभर मीटरच्या पुढे. दोरी वर्गात मावत नाही आणि ती घेऊन मुलांना व्हरांड्यातून मैदानात जावे लागते, हाच या कृतीचा लाभ आहे. चालून गेलेले अंतर मुले विसरत नाहीत. इसवी सनाच्या सुरुवातीला दोरीला एक गाठ मारावी आणि गाठीच्या एका बाजूला इसवी सन 1 तर दुसऱ्या बाजूला इसवी सन पूर्व 1 असे लिहावे. शून्य साल नाही, आणि गाठीपलीकडे आकडे मागे जाताना वाढतात, या दोन्ही गोष्टी तिथे डोळ्यांना दिसतात.

शतकासाठी ‘पहिल्या दोन आकड्यांत एक मिळवा’ ही युक्ती चालते: 1789 म्हणजे सतरा अधिक एक, अठरावे शतक. अपवाद लगेच सांगावा, की शेवटी दोन शून्ये असतील तर काही मिळवायचे नाही. 1800 हे अठराव्या शतकाचे शेवटचे वर्ष आहे.

प्रश्न: शासनाची तीन अंगे मुलांना आठवतात, पण कोण काय करते ते सांगता येत नाही.

कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ ही दोन्ही नावे ‘का’नेच सुरू होत असल्यामुळे येथेही आद्याक्षरे दगा देतात. म्हणून नावांऐवजी क्रियापदे पाठ करून घ्यावीत: ‘करते, राबवते, न्याय देते’. प्रत्येक क्रियापदाला हाताची एक खूण जोडावी: कायदा करताना लिहिण्याची, राबवताना काम करण्याची, न्याय देताना दोन तळहात तराजूसारखे समोर धरण्याची. मग वर्गाचा एखादा नियम घेऊन तीन गटांना तीन कामे वाटून द्यावीत आणि पुढच्या आठवड्यात गटांची कामे बदलावीत. नियम ज्यांनी केला त्यांनीच तो मोडणाऱ्याचा निवाडा केला तर काय होईल, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, आणि तिथून खरे नागरिकशास्त्र सुरू होते.

प्रश्न: आमच्या वर्गातील एका मुलीला वाचन-लेखनाची अडचण आहे. शब्दांवर आधारलेल्या युक्त्या तिला जड जातात.

तिच्यासाठी चित्रयुक्ती वापराव्यात. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गो मास्ट्रोपिएरी आणि थॉमस स्क्रग्ज यांनी अमेरिकेत केलेल्या कामात ओळखीच्या शब्दाचे चित्र नव्या शब्दाला जोडण्याची पद्धत पुन्हा पुन्हा उपयोगी ठरली आहे, आणि त्यात सामाजिक शास्त्रांचाही समावेश होता. नाईल नदी आणि इजिप्त शिकवताना निळ्या पट्ट्याशेजारी पिरॅमिड काढावा: ‘निळा’ या ध्वनीवरून नाईल आणि पिरॅमिडवरून इजिप्त. चित्रात एवढ्या दोनच गोष्टी असाव्यात; सजावट वाढली की मूल सजावट लक्षात ठेवते. या वयात चित्र मुलानेच कल्पावे असा हट्ट धरू नये. शिक्षकाने तयार चित्र द्यावे आणि मुलाने ते स्वतःच्या हाताने काढावे, हे मला अधिक फलदायी वाटते. चित्र काढून झाल्यावर तिची परीक्षा तोंडी घ्यावी, म्हणजे लेखनाची अडचण स्मरणाची अडचण म्हणून मोजली जाणार नाही.

प्रश्न (एका पालकांचा): मुलगा युक्तीचे वाक्य धडाधड म्हणतो, पण आठवड्याने विचारले तर त्यातून काहीच निघत नाही. घरी काय करावे?

आपण बहुधा त्याच्याकडून वाक्य म्हणवून घेत आहात. ते थांबवावे आणि ते वाक्य ज्यासाठी केले तीच गोष्ट विचारावी, तीही मधूनच: ‘हिंदी महासागरापेक्षा मोठे महासागर कोणते?’ त्यासाठी मुलाला वाक्य मनात म्हणावे लागेल, थांबावे लागेल आणि उत्तर शोधावे लागेल, आणि स्मरण घडते ते याच शोधण्यात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 मधील प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, तरी लहान मुलांच्या बाबतीतही मला याच दिशेचा अनुभव आला आहे.

विचारण्याच्या वेळा लांबवत न्याव्यात: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते, म्हणून पहिली विचारणा उशिरा करू नये. दर वेळी दोन मिनिटे पुरेत. मुलगा अडला तर उत्तर सांगण्याआधी वाक्यातील फक्त एक शब्द द्यावा, आणि तेवढ्यानेही जमले नाही तर नकाशा उघडून त्यालाच शोधू द्यावे. काही आठवड्यांनी तो वाक्याशिवायच उत्तर देऊ लागेल. त्यानंतर ते वाक्य पुन्हा म्हणवून घेऊ नये.