‘डॅझल’: आधी डोळा, मग उजेड

प्रश्न (उदगीर): ‘डॅझल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लखलखाट असाच आहे का?

उत्तर: नाही. या शब्दात मुळात उजेड नव्हताच. ‘डेझ’ म्हणजे सुन्न करणे. त्याचे नाते जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘थकून गळणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. त्याला ‘ल’ हा प्रत्यय लागून ‘डॅझल’ झाले. क्रिया पुन्हापुन्हा घडते, असे हा प्रत्यय सांगतो: ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी, ‘स्पार्कल’ म्हणजे चमचमणे. मराठी हेच काम शब्द दुहेरी करून साधते: लुकलुक, चमचम.

पंधराव्या शतकात हे क्रियापद अकर्मक होते. डोळे डॅझल होत, म्हणजे नजर ठरत नसे. उजेड डोळ्यांना डॅझल करतो, हा वापर नंतरचा. आपल्याकडे ‘दिपणे’ आणि ‘दिपवणे’ ही जोडी आहे ना, तशीच. म्हणून भाषांतरात ‘चमकणे’ अजिबात नको. भर दुपारी बीबी का मकबऱ्याचा संगमरवर चमकतो. दिपतात ते बघणाऱ्याचे डोळे.

प्रश्न (सेलू): मुले ‘डॅझलिंग’ आणि ‘डॅझल्ड’ यांत गोंधळतात. उच्चारही नक्की कसा करायचा?

उत्तर: दिपवणारे ते डॅझलिंग, दिपलेला तो डॅझल्ड. झ ‘माझा’तला, ‘माझी’तला नव्हे. दखनी बोलणाऱ्यांच्या ‘ज़मीन’मधला ज़ तर अगदी नेमका.

प्रश्न (अंबाजोगाई): ट्रकमागे लिहिलेला ‘डिपर’ आणि आपले ‘दिपणे’ एकच का?

उत्तर: नाही, पण शंका रास्त आहे. ‘डिप’ म्हणजे खाली करणे. डिपर द्या म्हणजे दिव्याचा झोत खाली घ्या. ‘दिपणे’ संस्कृत ‘दीप्’ धातूचे, म्हणजे पेटणे, प्रकाशणे. साम्य फक्त ध्वनीचे. मात्र उसाच्या हंगामात रात्री दोन्ही शब्द एकाच रस्त्यावर भेटतात. समोरून अप्पर, म्हणजे वर रोखलेला झोत, आला की प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि पुढची न दिवा लावलेली ट्रॉली दिसेनाशी होते. मोतीबिंदू असेल तर जास्तच. अशा वेळी वेग कमी करा, नजर झोतावर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. त्या झोताला इंग्रजीत ‘ग्लेअर’ म्हणतात, डोळ्यांचे होते ते ‘डॅझल’.

प्रश्न (हिंगोली): युद्धनौकांच्या रंगालाही ‘डॅझल’ का म्हणत?

उत्तर: 1917 मध्ये ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांवर वेडेवाकडे, गडद-फिके पट्टे रंगवण्याची पद्धत सुचवली. जहाज लपवायचे नव्हते. पाणबुडीतून पाहणाऱ्याला त्याची दिशा आणि वेग कळू द्यायचा नव्हता. इथे उजेड कुठेच नाही, फक्त चकलेली नजर आहे.