वाचक विचारतात : वायफाय कनेक्टेड दिसतं, पण नेट चालत नाही

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे. वायफाय कनेक्टेड दाखवतो पण खाली 'नो इंटरनेट' येतं, आणि त्याच वायफायवर मोबाइल मात्र मस्त चालतो. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला तर तो लॅपटॉपच्या यादीत येतच नाही. नवीन लॅपटॉप घ्यावा का? आणि बाहेर बिनपासवर्डचं वायफाय मिळालं तर वापरायचं का?

उत्तर : नवीन लॅपटॉप अजिबात घेऊ नका, आधी एवढं करून बघा. कनेक्टेड म्हणजे फक्त राउटरशी जोडणी झाली, त्यानंतर राउटर लॅपटॉपला एक आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) देतो आणि मग कुठे नेट सुरू होतं. मोबाइल चालतोय म्हणजे राउटर आणि लाइन बहुतेक ठीकच आहे, गडबड लॅपटॉपमध्ये आहे. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी बघा, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून ॲड्रेस मिळालाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. मग ते नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड परत टाका आणि आयपी सेटिंग 'ऑटोमॅटिक' आहे ना तेही बघा, कारण ऑफिसात वगैरे कोणीतरी हाताने आयपी टाकून ठेवलेला असतो आणि तो तसाच राहतो. आयपी बरोबर असेल तर व्हीपीएन, प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणाऱ्या सोयी) बंद करून बघा. हो, आणि तारीख! जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग नेट असूनही एचटीटीपीएसवाल्या (पत्त्यात सुरुवातीला https असलेल्या, सुरक्षित जोडणीच्या) साइट उघडत नाहीत, हे पटकन कोणाच्या लक्षातच येत नाही.

हॉटस्पॉट न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा बँड, म्हणजे वायफायची फ्रिक्वेन्सी, असतं. जुन्या लॅपटॉपना बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि फोन ५ वर हॉटस्पॉट देत असतो. अँड्रॉइडवर हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा, आयफोनवर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. स्पीड थोडा कमी मिळेल पण चालेल. नाव दिसतंय आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही असं झालं तर अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये सिक्युरिटी (पासवर्डच्या सुरक्षेची पद्धत) डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ करा. आणि घाईत असाल तर सरळ केबल लावून यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) करा, त्यात बँडचा प्रश्नच येत नाही.

बाहेरचं वायफाय वापरा, पण नाव तिथल्या माणसाला विचारूनच, कारण त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणीही उभं करू शकतं. साइट एचटीटीपीएसची असेल तर तुम्ही टाकलेला मजकूर मधल्या कोणाला वाचता येत नाही, तरी बँकेचं काम मोबाइल डेटावरच करा असंच मी सांगेन. त्या वायफायचं लॉगिन पेज येत नसेल तर व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधण्याचं फोनमधलं सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करा, बहुतेक वेळा पेज येतं. पण कनेक्ट व्हायला ॲप किंवा सर्टिफिकेट इन्स्टॉल करा असं अनोळखी वायफाय म्हणालं तर तिथेच सोडून द्या.