पीजीएस सर्टिफिकेट असलेली सेंद्रिय हळद थेट जर्मनी-अमेरिकेला पाठवता येईल का?

तुम्ही विचारलंय की सांगलीजवळ तीन एकर सेंद्रिय हळद आहे, पीजीएस सर्टिफिकेट आहे, तर थेट जर्मनी किंवा अमेरिकेला पाठवता येईल का. आमच्या गटाची हळद गेली काही वर्षं एका निर्यातदारामार्फत बाहेर जाते, त्यामुळे जे स्वतः बघितलंय ते सांगतो.

पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेलं सर्टिफिकेट. त्यावर 'सेंद्रिय' म्हणून निर्यात होत नाही, ते देशातल्या विक्रीपुरतं आहे. बाहेरसाठी अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था) एनपीओपीखाली, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली, थर्ड पार्टी म्हणजे बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेचं सर्टिफिकेशन लागतं आणि हळदीसारख्या हंगामी पिकाला त्याआधी दोन वर्षांचा रूपांतर काळ (सेंद्रिय नियम पाळायचे, पण माल सेंद्रिय म्हणून धरला जात नाही असा काळ) असतो, म्हणजे आज ठरवलं तरी या हंगामाचा माल धरू नका. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, पाचशे रुपयांत ऑनलाइन निघतो, लोक त्यालाच निर्यात समजून बसतात, पण खरं काम पुढे आहे.

आमचं कुठे अडलं ते ऐका. शेत स्वच्छ होतं, शेणखत, जीवामृत, सगळं वहीत लिहिलेलं. हळद शिजवून वाळवली आणि पॉलिशला गावातल्या नेहमीच्या ड्रमवर नेली, तिथे आमच्या आधी दुसऱ्या कुणाचा साधा माल फिरवलेला. लॅबच्या रिपोर्टमध्ये आम्ही आयुष्यात न वापरलेलं कीटकनाशक निघालं! युरोपात बऱ्याच औषधांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एवढ्याशा धुळीनेसुद्धा लॉट जातो. आणि रिपोर्ट चांगला आला असता तरी तो ड्रम सर्टिफिकेशनमध्ये नव्हताच. शेत, पॉलिश, दळण, गोदाम, व्यापारी यातला एक दुवा जरी सर्टिफाइड नसला तरी ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (त्या विक्रीतला माल सेंद्रिय असल्याचा दाखला) मिळत नाही आणि मग तुमची मेहनतीची हळद साध्या हळदीच्या भावात जाते. मला त्या वर्षी फार वाईट वाटलं होतं, बायामाणसांनी भर उन्हात वाळवलेला माल होता तो. आता गटाचा स्वतःचा ड्रम आहे, पोती नवीनच घेतो, खताची जुनी पोती तर जवळ पण येऊ देत नाही.

देशाचं म्हणाल तर अमेरिकेने २०२१ मध्ये एनपीओपीची मान्यता काढली, तिथे जायचं तर त्यांच्या एनओपीचं (अमेरिकेचा स्वतःचा सेंद्रिय कार्यक्रम) वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, खर्चही वेगळा. युरोपचा नवीन सेंद्रिय कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झालाय, त्यात शेतकरी गटांचे नियम जास्त कडक आहेत. तैवानशी आपला परस्पर मान्यतेचा करार २०२४ पासून सुरू आहे, तिकडे बघणारे अजून कमी आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय.

तीन एकरात एकट्याने कंटेनर भरत नाही आणि सर्टिफिकेशनची फी एकट्याला परवडत पण नाही. जवळची शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सेंद्रिय गट शोधा, फी वाटली जाते. पहिली दोन-तीन वर्षं एनपीओपी सर्टिफाइड निर्यातदाराला माल द्या, भाव थोडा कमी मिळेल पण खरेदीदार काय विचारतो ते कळेल. आम्हाला पहिला प्रश्न कुरक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किती टक्के हाच आला होता, रंग-बिंग नंतर. त्यामुळे जात सेलम आहे की राजापुरी ते आणि एनएबीएल लॅबचा (सरकारमान्य दर्जाची लॅब) कुरक्युमिनचा रिपोर्ट हाताशी ठेवा.

आणि शेजारी ऊस असेल तर त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या, तो तणनाशक कधी मारतो, वारं कुठल्या बाजूचं असतं, बांधाकडचा किती पट्टा सोडायचा. त्या पट्ट्यातली हळद वेगळी काढून वेगळी विका, चुकूनही मिसळू नका.