चित्रपट पाहून रडू आले, म्हणजे संसारात काही बिनसले आहे का?

‘सिनेमात म्हटले तर काहीच घडत नाही, तरी दोन दिवस माझे डोळे भरून येत आहेत; माझ्या संसारात काही कमी आहे का?’ असे विचारत चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांनी पाहिला होता दिग्दर्शक वाँग कार-वाय यांचा २००० सालचा ‘इन द मूड फॉर लव्ह’. पती अर्ध्या तासातच झोपी गेले होते आणि त्या झोपेचाही बाईंनी अर्थ लावून ठेवला होता.

या चित्रपटात १९६२चे हाँगकाँग आहे. शेजारशेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या दोघांना आपापल्या जोडीदारांचे एकमेकांशी संबंध असल्याचे उमगते. ती दोघे जवळ येतात, पण ‘आपण त्यांच्यासारखे व्हायचे नाही’ म्हणून मनातले मनातच ठेवतात. जे घडायचे राहून गेले तेच इथे कथानक असल्यामुळे ते पाहून रडू येणे ही रसिकतेची खूण आहे, आजाराची नव्हे. झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवडे उणावलेला असता, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

कोणते दृश्य मनातून जात नाही, असे मी विचारले. नूडल्सचा डबा घेऊन नायिका मॅगी चाँग अरुंद जिना उतरते, व्हायोलिनच्या लयीवर तिची चाल संथ होते, ते दृश्य त्यांनी लगेच सांगितले. ‘एकटीपुरते जेवण आणायला जातानाही ती किती नेटकी असते,’ असे म्हणून त्या थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘यांची दुसरी पाळी सुरू झाल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच जेवते.’

याच चित्रपटात नायिका नवऱ्याला जाब विचारण्याची तालीम करते आणि नायक तिच्या नवऱ्याच्या जागी बसतो. आम्हीही तशीच तालीम केली. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘तुम्हाला माझ्यासाठी वेळच नसतो’ असा आरोप निघाला. चौथ्या खेपेस ‘तुम्ही आल्यावर आपण बरोबर जेवू या का?’ असा प्रश्न आला.

पुढच्या भेटीत त्यांनी पतीचे उत्तर सांगितले: ‘तुला लवकर जेवायला आवडते, असेच मला वाटत होते.’ पतींनी चित्रपट अजून पुरता पाहिलेला नाही, आणि त्यासाठी आग्रह धरू नका, असे मी बाईंना सांगितले आहे.