बाबांच्या फियाटचा नंबर, छोट्या गाडीवर

प्रश्न : नमस्कार काका, बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी होती, नंतर विकली. आता मला १:४३ ची (खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान) फियाट ११०० मिळालीये, पद्मिनी म्हणजे तीच गाडी, तिला बाबांचा तोच जुना नंबर लावून त्यांच्या पंचाहत्तरीला द्यायचीये. घरच्या इंकजेटवर स्टिकर पेपरवर काढून बघितलं पण आकडे एकमेकांत मिसळून गेले, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं कशी छापायची तेच कळेना. - वाचक, सांगली

उत्तर : काळ्यावर पांढरी ठरवलीत ते अगदी बरोबर, त्या काळी प्रायव्हेट गाडीची प्लेट तशीच असायची. आणि नंबर जुनाच ठेवा, एमएच १० वगैरे लावू नका, ती पद्धत १९८९ मध्ये आली. आता घरचा प्रिंटर पांढरा रंग मारतच नाही, म्हणून उलटं करायचं, काळा चौकोन छापायचा आणि अक्षरं कोरी सोडायची, मग कागदाचा पांढरा तोच अक्षराचा पांढरा. स्टिकर पेपर शाई पितो म्हणून ती पसरते, त्याऐवजी ग्लॉसी फोटो पेपर घ्या. प्लेट सपाट असते, तिला डिकल पेपरची (पाण्यात भिजवून छापील चित्र सरकवून चिकटवायचा कागद) गरजच नाही.

मापाचं म्हणाल तर आजच्या नियमात गाडीची लांब प्लेट ५०० बाय १२० मिमी, अक्षराची उंची ६५ आणि जाडी १०. त्याला ४३ नं भागलं की प्लेट ११.६ बाय २.८, अक्षर दीड मिमी आणि रेघ पाव मिमीपेक्षाही बारीक. पण तुमची गाडी १९८९ च्या आधीची, तेव्हा प्लेट पेंटर हातानं रंगवायचा आणि प्रत्येकाचं वळण वेगळं, म्हणून माझं ऐका, जुना अल्बम काढा, गाडीसमोर उभं राहून काढलेला एखादा फोटो नक्की सापडेल. पद्मिनी साधारण १४६० मिमी रुंद म्हणजे मॉडेल ३४ मिमी. फोटोत प्लेट गाडीच्या रुंदीच्या एक तृतीयांश दिसत असेल तर तुमची प्लेट ११ मिमीच्या आसपास, इतकं सोपं गणित आहे. अक्षरांसाठी फॉन्ट शोधत बसू नका, फोटो मोठा करून इंकस्केप या कॉम्प्युटरवरच्या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये त्या अक्षरांवरूनच गिरवा, त्या पेंटरचा नऊ जरा वाकडा असेल तर वाकडाच ठेवा, बाबा गाडी ओळखतील ती त्या नऊवरूनच.

प्रिंट करताना 'फिट टू पेज' बंद, १०० टक्के साइज. शेजारी ५० मिमीची एक रेघ पण छापा आणि पट्टीनं मोजा, ती ४८ भरली तर प्लेटही लहान आलीये. फोटो स्टुडिओतून ४ बाय ६ इंचाचा प्रिंट काढलात तरी चालेल पण तिकडे फोटो थोडा ताणला जातो, तेव्हा रेघ हवीच. कापल्यावर पांढऱ्या कडांवर काळं मार्कर फिरवा, मागे कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा लावा म्हणजे प्लेट ताठ राहते. चिकटवायला फेविकॉलचा टिपका बास, इन्स्टंट ग्लूच्या वाफेनं क्रोम पांढुरकं होतं आणि मग ते जात नाही.

प्रश्न : काका, एसटीचं मॉडेल करतोय. 'महाराष्ट्र राज्य परिवहन' डिकल पेपरवर छापलं, पाण्यात टाकल्याबरोबर शाई निघून गेली. दुसऱ्यांदा बसलं तर कडेनं चंदेरी दिसतंय. - वाचक, नाशिक

उत्तर : इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर एक दिवस वाळू द्या आणि क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन हलके हात मारा, एकदम जाड मारलात तर शाई तिथेच पसरेल. लेझर प्रिंटला हा त्रास खूप कमी. चंदेरीपणा म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा, मॅट रंग खरखरीत असतो त्यामुळे अडकते. तेव्हा आधी ग्लॉस कोट, मग डिकल, आणि हवं असेल तर शेवटी मॅट. लाल रंगावर पिवळं किंवा पांढरं उठून दिसायला पांढऱ्या बेसचाच डिकल पेपर लागतो, पारदर्शक पेपरवर पिवळं लालात बुडून जातं. देवनागरी बारीक छापली की मात्रा शिरोरेघेला चिकटतात, म्हणून जाड फॉन्ट नको, मध्यम घ्या आणि अक्षरं थोडी सुटी करा. आणि नंबर देताना बस कुठल्या वर्कशॉपची ते ठरवा हं, दापोडीत बांधलेल्या बसला एमएच १४ दिसतो, चिकलठाण्याच्या बसला एमएच २०, हिंगण्याच्या बसला एमएच ४०. एसटीवेडे आधी तेच बघतात.

प्रश्न : मी नववीत आहे. १:६४ च्या गाडीवर नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट जमेल का? - वाचक, ठाणे

उत्तर : जमेल रे, पण लेझर प्रिंट आणि नवीन ब्लेड हवं. प्लेट ७.८ बाय १.९ मिमी होईल. खरा होलोग्राम २० मिमीचा चौकोन असतो, तुझ्याकडे तो ०.३ मिमी, म्हणजे सिल्व्हर जेल पेनचा एकच ठिपका, तोही टाचणीच्या टोकानं उचलून ठेव. त्याखाली निळं 'आयएनडी' वाचता येणार नाही, निळा डाग दिसला तरी पुरे. आणि कापताना स्टीलची पट्टी वापर, प्लास्टिकच्या पट्टीवर ब्लेड चढतं आणि बोट कापतं.