नवा रंधा लाकूड ओरबाडतोय? आधी हे बघ

घाईने पॉलिश पेपरवर तळ घासायला बसू नकोस. एकदा घासलास की दुकानदार हात वर करतो. माझा पहिला लोखंडी रंधा असाच गळ्यात पडला, अजून खोक्यात पडून आहे.

पात्याला धार नसणं हा दोष नव्हे. नवं पातं साधारण 25 अंशांवर नुसतं घासलेलं येतं, धार आपणच लावायची. गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल रॉकेलच्या फडक्याने पूस. मग पातं जागेवर कसलेलंच ठेवून थोडं आत घे आणि तळावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघ. तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं तिथे, उजेड दिसला तर तळ खोलगट आहे. केसाएवढी फट घासून निघते. 0.1 मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) त्या फटीत सहज सरकली, तर मी तरी परत करेन.

तड्याचा संशय असेल तर सगळे भाग काढून टिचकी मार. मडकं घेताना वाजवतो तसंच. तडकलेलं बीड, म्हणजे रंध्याचं ओतीव लोखंड, बद्द वाजतं. तडा निघाला तर दुरुस्तीचं नावच नको.

फटीचा फोटो पट्टीसकट काढ, बिलासोबत लेखी कळव, आणि बदली हवी की पैसे ते पहिल्याच ओळीत लिही. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि हो, खोकं रद्दीत टाकलं नाहीस ना?